दानातल्या गाडीचा विमा

बनारसमधल्या आमच्या दूधविनायक गल्लीत प्रत्येकाला चिडवायचं एक नाव असतं. ढुंढिराज वझेला ते मिळालं त्रेपन्नाव्या वर्षी: ‘फटफटी गुरू’. त्याआधी तो नुसता ढुंढी होता, आणि कोणाला चिडवावंसंही वाटू नये इतका गरीब होता.

मी मालविका, त्याच्या समोरच्या दारातली. वयानं मोठी, म्हणून तो मला मालूताई म्हणतो. पोस्टात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि माझी जीभ तिखट आहे असं गल्लीत म्हणतात. खोटं म्हणत नाहीत. ढुंढीची गोष्ट सांगायला बसले की मला आधी रागच येतो. त्याच्यावर नाही, सगळ्यावरच. एवढ्या साध्या माणसाचं एवढं नुकसान व्हावं आणि ते करणारा एकही माणूस वाईट नसावा, तर राग काढायचा कुणावर?

रामघाटाच्या पाठशाळेत त्याच्याबरोबर शिकलेले कुठल्या कुठे गेले. एक नाशकात आहे, एक पुण्यात, एक तर परदेशातल्या देवळात पुजारी होऊन शाल पांघरून फोटो पाठवत असतो. ढुंढीचं पाठांतर पक्कं, आवाज खणखणीत, पण पुढे पुढे करणं त्याच्या रक्तातच नाही. मग बाकीचे नाक मुरडून जे काम सोडतात ते त्याच्या वाट्याला आलं. दिवसकार्य. कोणी गेलं की दहावा, अकरावा, तेरावा करायचा, महाराष्ट्रातून अस्थी घेऊन आलेल्यांना अमृतराव घाटावर बसवून पिंड द्यायला लावायचे, आणि मेलेल्याच्या नावानं दिलेली दानं हात पुढे करून घ्यायची. असली दानं घेणाऱ्याकडे आमचे लोक जरा तिरकेच बघतात. स्वतःच्या घरी कोणी गेलं की मात्र धावत त्याच्याच दाराशी येतात.

घाटाच्या गार दगडांवर वर्षानुवर्षं मांडी घालून त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले. सायकल सुटली. शिवपूर, सारनाथ, रामनगर अशा लांबच्या यजमानांकडे जाणं सुटलं. रेल्वेतली, बँकेतली, युनिव्हर्सिटीतली मराठी माणसं सगळी तिकडेच राहतात. गल्लीत उरलंय कोण? म्हातारे आणि कुलपं. पहाटेच्या मुहूर्ताला टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, मिळत नाही, आणि मिळाली तर दक्षिणेतला निम्मा भाग तीच खाते. इंदू, त्याची बायको, त्याच्या गुडघ्यांना तेल चोळायची आणि म्हणायची, ‘‘घरीच बसा आता.’’ घरी बसून खायचं काय, ते तीही सांगायची नाही.

मग सबनीसांचा निनाद गेला.

वासुदेव सबनीस रेल्वेतून निवृत्त झालेले, सुंदरपूरला घर बांधून राहिलेले. त्यांची बायको बकुळ माझ्या भजनी मंडळातली. निनाद त्यांचा एकुलता एक. सव्वीस वर्षांचा, उंच, सारखा हसणारा. डेंग्यूचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत पोरगा संपला. काय लिहू त्याबद्दल? बकुळ रडलीसुद्धा नाही. नुसती बसून राहायची आणि आलेल्या माणसाला विचारायची, ‘‘चहा घेतलात का?’’

शय्यादानाच्या दिवशी मी तिथेच होते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: गेलेल्या माणसाला पलीकडे वापरायला म्हणून पलंग, गादी, पांघरूण, छत्री, वहाणा, दिवा, तांब्या असं सगळं मांडतात आणि हातावर पाणी सोडून ब्राह्मणाला देतात. ब्राह्मणानं घेतलं म्हणजे त्याला पोचलं. सगळं मांडून झालं तेव्हा सबनीस आत गेले आणि निनादच्या मोटारसायकलची किल्ली आणून गादीवर ठेवली.

मंत्र सांगायला आलेले गुरुजी गडबडले. म्हणाले, ‘‘साहेब, असं कुठे सांगितलेलं नाही.’’

‘‘छत्री आणि वहाणा चालतात ना?’’ सबनीस म्हणाले. ‘‘माझा मुलगा वहाणा घालून कुठे जायचा? कोपऱ्यावर दूध आणायला गेला तरी गाडी काढायचा.’’

तरण्या पोराची गाडी, ती घ्यायला कोणी धजेना. दोघे तिघे ब्राह्मण खाली बघत बसले. त्यांच्यातच बसलेल्या ढुंढीनं हात पुढे केला. किल्लीवर तुळशीचं पान ठेवून सबनीसांनी पाणी सोडलं, आणि ‘न मम’ म्हणताना त्यांचा आवाज फाटला. न मम, म्हणजे हे माझं नाही. बापाला हे म्हणायला लावणारं शास्त्र कोणी लिहिलं असेल, असं तेव्हा मला वाटलं.

निघताना सबनीसांनी विचारलं, ‘‘गुरुजी, कागदावर नाव बदलून घेऊ या का? आरटीओत माझी ओळख आहे.’’

ढुंढी म्हणाला, ‘‘हातावर पाणी पडलं, दान झालं. आता कागद कशाला? नाव राहू दे त्याचंच. त्याची वस्तू त्याच्या नावानं फिरेल.’’

त्यावर बकुळ पहिल्यांदा रडली. म्हणाली, ‘‘थांबवू नका हो गाडी. चालवत राहा.’’ ढुंढीला वाटलं, आपण फार चांगलं बोललो. चांगलंच बोलला होता. पण त्या एका चांगल्या वाक्यानं पुढे त्याचा घात केला.

गाडी चालवायला त्याला सबनीसांनीच शिकवलं, मैदानात, मागून पळत पळत. महिन्याभरात आमचा ढुंढी धोतराचा काचा मारून, डोक्याला हेल्मेट, पाठीला पूजेची पिशवी, असा गल्लीतून फटफटत जाऊ लागला. पानवाला ओरडायचा, ‘‘का हो फटफटी गुरू, आज केकरा इहाँ?’’ म्हणजे, आज कुणाकडे? बरोबरीचे भटजी कुजबुजायचे, मेलेल्याच्या गाडीवर बसतो, एक दिवस कळेल. ढुंढीला कशाचं काही नव्हतं. शिवपूरचे यजमान परत आले, सारनाथचे आले, सत्यनारायण आले, वास्तुशांती आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याला लोक मेल्यावाचून बोलावू लागले. इंदूच्या अंगावर नवी साडी आली. आठवड्यातून एकदा तरी तो मुद्दाम सुंदरपूरवरून जायचा, आणि बकुळ फाटकात उभी असायची.

दहा महिने हे चाललं.

एका सकाळी रामनगरला जाताना पुलाच्या अलीकडे त्यानं गाडी कडेला लावली आणि फुलं घ्यायला चार पावलं गेला. वाळू भरलेला ट्रक मागे येता येता तिच्यावर चढला. ट्रकवाला पळाला. नंबर कोणी घेतला नाही. पोलिसांनी लिहून घेतलं आणि पावती दिली. मिस्त्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली, वाकडी झालेली चौकट हलवून बघितली आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, अब इनकी तेरही कर दीजिए।’’

बनारसचा माणूस कशावरही विनोद करतो. ढुंढीला हसू आलं नाही. तो तिथेच दुकानाच्या पायरीवर बसला.

विमा होता, हे मलाच सुचलं. निनादनं गाडी घेतानाच काही वर्षांचा एकदम भरून ठेवलेला, अजून चालू होता. मी म्हटलं, ‘‘अरे, गाडी पूर्ण गेली तर कंपनी किंमत देते. पूर्ण नाही, पण दुसरी जुनी येईल एवढी तरी.’’ त्याच्या तोंडावर जरा रंग आला. मला सरकारी भाषा कळते, म्हणून मी त्याच्याबरोबर सिगऱ्याला कंपनीच्या कचेरीत गेले.

क्लेमच्या टेबलावर कुणाल नावाचा मुलगा होता. केस चापून बसवलेले, पण बोलायला नीट. त्यानं कागद बघितले आणि विचारलं, ‘‘निनाद सबनीस कौन हैं? उनको आना पड़ेगा।’’

ढुंढी म्हणाला, ‘‘वो नहीं आ सकते।’’

‘‘बाहर रहते हैं?’’

ढुंढीनं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. कुणाल ओशाळला, मग त्यानं गाडी ढुंढीकडे कशी आली ते विचारलं. आणि ढुंढीनं सगळं, अगदी तुळशीच्या पानासकट, सांगून टाकलं. खोटं बोलायची गरज पडेल हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

कुणालनं पेन खाली ठेवलं. ‘‘गुरुजी, ये मैंने नहीं सुना। सुन लिया तो फाइल अभी बंद।’’ मग त्यानं आम्हाला समजावलं. गाडी देऊन टाकली असेल, तर सबनीसांचा तिच्याशी संबंध संपला, त्यांना पैसे मिळणार नाहीत. ढुंढीच्या नावावर विमा नाही, त्यालाही मिळणार नाहीत. पण गाडी वारसाकडेच आहे आणि गुरुजींनी ती एका दिवसासाठी मागून नेली होती, असं असेल तर पैसे वारसाच्या खात्यात जातील. वडिलांनी हलफनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, द्यायचं की गाडी आमचीच. गुरुजींनी लिहून द्यायचं की मला कधी दिलीच नव्हती. ‘‘फिर वो आपको दे दें, नहीं दें, आप लोगों का घर का मामला।’’

‘‘पर दी तो थी,’’ ढुंढी म्हणाला.

‘‘काग़ज़ पर नहीं दी।’’

‘‘पानी छोड़ के दी थी।’’

‘‘गुरुजी, पानी का रिकॉर्ड हमारे पास नहीं रहता।’’

मला त्या पोराला फाडून खावंसं वाटलं, पण तो बिचारा आम्हाला वाटच दाखवत होता. मी राग दुसरीकडे काढला. त्यांच्या सर्व्हेअरनं गाडी वापरून जुनी झाली म्हणून किंमत एकदा कापली होती, आणि भंगाराची किंमत भरमसाट धरून दुसऱ्यांदा. मी म्हटलं, एवढ्याला भंगार विकलं जात असेल तर तुम्हीच घेऊन जा आणि आम्हाला पूर्ण द्या. भंगारवाल्याला फोन लावून त्याचा भाव कुणालला ऐकवला. तीन खेपा घातल्या. शेवटी आकडा वर चढला, बऱ्यापैकी चढला, आणि मी विजयी वीरासारखी घरी आले. पैसे कुणाच्या कामी येणार हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता उरले सबनीस.

आम्ही गेलो तेव्हा ते बागेत पाणी घालत होते. ढुंढीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सबनीसांनी नळ बंद केला. मग म्हणाले, ‘‘गुरुजी, मी ती दिली आहे. आता माझी म्हणून सही केली तर दिलेलं परत घेतल्यासारखं होईल. दत्तापहार. तुम्हीच कथेत सांगत असता, याच्यासारखं पाप नाही.’’

‘‘साहेब, नुसती सही आहे.’’

‘‘माझ्या दृष्टीनं नुसती नाही. माझं पाप मी भोगेन हो, त्याचं काही नाही. पण गाडी मी त्याला पाठवली आहे. ती त्याच्याकडून काढून घेऊ?’’

बकुळ दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, मागे फिरावं आणि जावं. पण ढुंढी जागचा हलला नाही. त्याचे गुडघे मला दिसत होते, धोतरातूनही सुजलेले. दोन आठवड्यांत शिवपूरच्या दोघा यजमानांनी दुसरा भटजी बघितला होता. त्याला ती गाडी हवी होती. पोटासाठी हवी होती, आणि हावरट माणसाला हवी असते तशी नव्हे, बुडणाऱ्या माणसाला काठ हवा असतो तशी.

तो म्हणाला, ‘‘साहेब, शास्त्राचंच विचारता तर सांगतो. दान दोघांनी मिळून पूर्ण होतं. देणाऱ्यानं सोडलं आणि घेणाऱ्यानं मनापासून घेतलं तर. घेणाऱ्यानं नुसता हात पुढे केला, मनात ‘माझं’ म्हटलंच नाही, तर दान झालंच नाही. वस्तू देणाऱ्याचीच राहते. मग परत घेतल्याचा दोष नाही.’’

‘‘आणि तुम्ही?’’

ढुंढी खाली बघून म्हणाला, ‘‘त्या दिवशी मला फार जड गेलं. तरण्या पोराची वस्तू. मी मनानं घेतली नव्हती.’’

‘‘खरंच?’’

‘‘खरंच.’’

सबनीस त्याच्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘‘म्हणजे दहा महिने ती त्याला पोचलीच नाही.’’

ढुंढी काहीतरी बोलायला गेला. बकुळ आत निघून गेली. सबनीसांनी हात पुढे केला आणि म्हणाले, ‘‘द्या कागद. कुठे सही करू?’’

दुसऱ्या दिवशी कचहरीत हलफनामा झाला. सबनीसांनी लिहून दिलं की गाडी आमचीच आहे. ढुंढीनं आपल्या हातानं लिहून दिलं की गाडी मला कोणी दिली नव्हती आणि माझा तिच्यावर काही हक्क नाही. अक्षर त्याचं पोथीतल्यासारखं सुरेख. नोटरी म्हणाला, ‘‘वाह गुरुजी, क्या लिखाई है!’’

पैसे सबनीसांच्या खात्यात जमा झाले. कुणालनं मला फोन करून सांगितलं, मिठाई मागितली. मी ढुंढीला सांगितलं, इंदूनं देवापुढे साखर ठेवली. मग आम्ही वाट बघू लागलो.

सबनीसांचा फोन आला नाही. मी म्हटलं, ‘‘विचार.’’ तो म्हणाला, ‘‘असं विचारायचं असतं का? सुतकी घर आहे. निनादचं वर्षश्राद्ध जवळ आलंय, तेव्हा देतील.’’ आणि खरंच, वर्षश्राद्ध सांगायला ढुंढीलाच बोलावणं आलं. सबनीसांनी फोनवर एवढंच म्हटलं, ‘‘दान पण करायचं आहे गुरुजी, नीट वेळ काढून या.’’ इंदूनं त्या सकाळी त्याचं उपरणं धुऊन इस्त्री केली. मला बकुळचं वेगळं बोलावणं होतं, म्हणून आम्ही दोघं एकाच टोटोत गेलो.

फाटकाशी मोटारसायकल उभी होती. नवी नव्हती, पण घासूनपुसून लख्ख केलेली, पहिलीसारखीच तांबडी, हँडलला झेंडूची माळ. ढुंढी टोटोतून उतरायचं विसरला. मग उतरला, तिच्याजवळ गेला आणि सीटवर हात ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘मालूताई, ही आधीच्या गाडीपेक्षा बसकी आहे. गुडघ्याला बरी.’’



आत रामघाटच्या पाठशाळेतला देवव्रत बसला होता. तिशीतला, चांगला शिकलेला, नुकतंच लग्न झालेला. मला वाटलं, श्राद्धाला ब्राह्मण लागतात, त्यातलाच एक. सबनीसांनी ढुंढीला बाजूला नेलं, पण घर लहान, मला सगळं ऐकू आलं.

‘‘गुरुजी, संकल्प तुम्ही सांगा. गाडी देवव्रत घेतील.’’

ढुंढीनं इस्त्रीचं उपरणं खांद्यावर नीट केलं.

‘‘तुम्हाला द्यायची फार इच्छा होती. दहा वेळा विचार केला,’’ सबनीस म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते, ते मी बघितलं. ‘‘पण तुम्हीच सांगितलंत, पोचलीच नाही. आता वर्ष झालं, पोराचं काहीतरी करायला हवं. तुम्हाला दिली तर सहीच्या वेळी जे मनात होतं तेच केल्यासारखं होईल. आधी ठरवून दिलेलं. तो व्यवहार झाला, दान नाही. ती परत नाही पोचली तर? मला आता धोका पत्करवत नाही. तुम्हीच सांगा, माझं चुकतंय का?’’

शास्त्राप्रमाणे चुकत नव्हतं. ढुंढीनं मान हलवली आणि म्हणाला, ‘‘नाही साहेब. बरोबर आहे तुमचं.’’

मी आत जाऊन बकुळला धरलं. म्हटलं, ‘‘अगं, या माणसाला गुडघे नाहीत. त्याचं पोट त्या गाडीवर होतं.’’ बकुळ माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘मालू, निनाद वर्षभर पायी चालतोय गं.’’  मी तिचा हात सोडला.

श्राद्ध झालं. मग दानाला बसले. ढुंढीनं संकल्प सांगितला, एकही अक्षर न चुकता, निनादचं नाव, गोत्र, सगळं. सबनीसांनी पाणी सोडलं. देवव्रतानं किल्ली घेतली आणि तोंडातल्या तोंडात ‘प्रतिगृह्णामि’ म्हटलं, मी स्वीकारतो म्हणून. तो संकोचला होता. त्याला सगळी हकीकत कळली असावी, कारण ढुंढीकडे बघतच नव्हता.

ढुंढीनं त्याला थांबवलं. ‘‘असं नाही देवव्रत. मोठ्यानं म्हण. आणि मनापासून घे. माझी म्हणून घे. नाहीतर त्याला पोचणार नाही.’’

देवव्रतानं मोठ्यानं म्हटलं. बकुळनं डोळ्यांना पदर लावला. सबनीसांनी ढुंढीच्या पायावर डोकं ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही.

परतताना टोटोत आम्ही दोघंच होतो. माझा नुसता भडका उडाला होता. मी सबनीसांना बोलले, शास्त्राला बोलले, कुणालला बोलले, आणि मग त्याला बोलले. ‘‘तोंड नाही तुला? तिथल्या तिथे सांगायचं होतंस, मला हवी आहे म्हणून! आणि वर त्या पोराला शिकवतोस, मनापासून घे! तुला काय गरज पडली होती?’’

लंका चौक मागे पडेपर्यंत त्यानं मला बोलू दिलं. मग म्हणाला, ‘‘मालूताई, मी खोटं बोललो त्यांच्याशी.’’

‘‘कुठलं?’’

‘‘घेतली नव्हती म्हणालो ते. घेतली होती गं. किल्ली हातावर पडली ना, तेव्हा मनात पहिलं काय आलं असेल? माझी. आता माझे गुडघे दुखणार नाहीत. समोर त्यांचा मुलगा गेलेला, ते रडतायत, आणि मला एवढा आनंद झाला होता की मी मान वर केली नाही, कोणाला दिसेल म्हणून. आयुष्यात इतक्या मनापासून मी काही घेतलं नसेल.’’

मला आधी कळलंच नाही तो काय सांगतोय. मग कळलं. ‘‘म्हणजे त्याला पोचली होती.’’

‘‘पहिल्याच दिवशी पोचली.’’

‘‘अरे, मग सांग त्यांना! ती बाई म्हणतेय, पोर वर्षभर पायी चालतंय. एवढं तरी सांग. गाडी राहू दे, पण ती रात्री झोपेल तरी.’’

‘‘काय सांगू? मी खोटं बोललो म्हणून सांगितलं, तर त्यांनी दिलेलं परत घेतलं असं झालं. पोराच्या गाडीचे पैसे बापानं घेतले. ते हाय खाऊन मरतील. नाही सांगितलं, तर ती रोज हेच मनात आणणार. दोन्हीकडून मीच मारलं त्यांना.’’ त्यानं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. ‘‘गाडी गेली ते जाऊ दे. मी आता त्या घरी जाऊन बसू कसा, ते सांग तू मला.’’

  टोटोवाल्यानं आरशातून एकदा मागे बघितलं आणि गाणं बारीक केलं.

मैदागिन चौकात टोटो थांबली, पुढे पोलीस गाड्या सोडत नव्हते. मी पर्समधून सुटे काढले आणि भाडं दिलं. ढुंढी खांबाला धरून उतरला. मग आम्ही गल्लीत शिरलो आणि हळूहळू घरी चालत गेलो.